आपल्या शहरातले कार्यक्रम आपापल्या गल्लीतच का राहतात?

खडकीकर

हा विषय कितीतरी दिवस डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

आपल्या शहरात, औरंगाबाद म्हणा नाहीतर छत्रपती संभाजीनगर, कार्यक्रमांची कमी नाही. कीर्तन सप्ताह, कव्वाली, मुशायरा, भीमगीतं, राज्य नाट्य स्पर्धा, नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा, सिंधी मंडळींचं चेटीचंड, वाळूजकडं छठपूजा, वर्षभर काही ना काही चालूच असतं. पण गुलमंडीवरच्या माणसाला शहागंजात काय झालं ते झाल्यावर कळतं, अन् सिडकोवाल्याला तर तेवढंही कळत नाही. मुशायऱ्याचं पोस्टर उर्दूत असतं अन् जुन्या शहरातच लागतं, सप्ताहाचा बोर्ड देवळाबाहेर, आंबेडकरी जलशाचा मेसेज त्या त्या वस्तीच्या ग्रुपवर, नाटकाची जाहिरात नाटकवाल्यांपुरती. एकाच शहरात जन्म काढून आपण एकमेकांचं काहीच ऐकलेलं नसतं, सण आला की शुभेच्छांचा फोटो पाठवून मोकळे होतो.

मला हे लागतं, कारण हे गाव कधीच एकाचं नव्हतं. मलिक अंबर हबशाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून आलेला माणूस, त्यानं १६१० साली खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली अन् नहरीनं पाणी आणलं. त्याच्याही कितीतरी आधी तेराव्या शतकात इथं जवळच देवगिरीला शारंगदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे आजोबा काश्मिरातून दक्खनेत आलेले, अन् तो स्वतः यादवांच्या दरबारात हिशेबाचं काम बघायचा. दोन पिढ्यांमागं बाहेरून आलेल्या घरातला हिशेबनीस असा ग्रंथ लिहून गेला की हिंदुस्थानी अन् कर्नाटक, दोन्हीकडचे गाणारे आजही तो आपला मानतात. वली दखनी इथलाच, त्याचा दिवान, म्हणजे गझलांचा संग्रह, दिल्लीला पोचला तेव्हा फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या शायरांना आपल्या बोलीत गझल लिहायचा धीर आला. सिराज औरंगाबादीच्या गझला कव्वाल अजून गातात. हे सगळं इथं झालंय, अन् आपल्या पोरांना यातलं एक नाव माहीत नाही.

आता मला काय पाहिजे ते सांगतो. एका स्टेजवर सगळ्यांना दहा-दहा मिनिटं देऊन शेवटी सगळ्यांनी हात वर करून फोटो काढायचा, असला कार्यक्रम मला नकोय. त्यात कोणाचंच काही नीट ऐकलं जात नाही, कव्वाली रंगात यायच्या आत निवेदक माईक घेतो. मला वाटतं ज्याचा कार्यक्रम त्याच्या जागेवर, त्याच्या पद्धतीनं, पूर्ण व्हावा अन् बाकीच्यांनी तिथं जाऊन बसावं. सुरू व्हायच्या आधी त्यांच्यातल्याच कोणीतरी पाच-दहा मिनिटं समजावून सांगावं की हे काय आहे, कसं ऐकायचं. बस. महिन्याला एक जरी झालं तरी वर्षात आपण बारा घरं बघितलेली असतील. कोणाकोणाला पटतंय?

गुलमंडी_राजाबाजार

पटलं. संस्थान गणपतीच्या आमच्या गल्लीतून मी चार पोरं घेऊन येतो, कुठं यायचं तेवढं सांगा.

नागसेनवन

खडकीकर दादा, दहा मिनिटांचं जे लिहिलं ना ते एकदम बरोबर. आम्हाला बोलावणं येतं तेच मुळात १४ एप्रिलच्या आठवड्यात, अन् तेव्हाही "दोन गाणी म्हणा, जोशातली म्हणा" एवढंच. जलसा म्हणजे दोन गाणी नाहीत हो. गण असतो, त्यात बुद्ध-फुले-बाबासाहेबांना वंदन, मग सवाल-जवाब, बतावणी, अन् मग वग, त्यात हुंडा, दारू, शिक्षण, सावकार असा एक विषय धरून गोष्ट पुढं जाते. सत्यशोधक जलशापासून आलेली वाट आहे ही. लोक हसतात, मधेच गप्प होतात, बाया पदर डोळ्याला लावतात. दोन गाण्यांत यातलं काय दिसणार.

आणखी एक सांगतो, हे आपल्या नाटकवाल्यांनाही माहीत नसतं. मिलिंद कॉलेज बाबासाहेबांनी १९५० ला काढलं. तिथंच म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' लिहिलं, ते खुद्द बाबासाहेबांसमोर झालं. दलित रंगभूमीची सुरुवात शोधायला गेलं की माणूस फिरून आपल्या नागसेनवनातच येतो. अस्मितादर्श हे नियतकालिक इथूनच निघायचं, गंगाधर पानतावणे सरांनी कितीतरी वर्षं ते चालवलं, खेड्यापाड्यातल्या पोरांचं पहिलं लिखाण त्यात छापून आलं. पण शहराच्या सांस्कृतिक इतिहासाचं कोणी बोलायला लागलं की पाणचक्की अन् मकबऱ्यावरच थांबतं.

१४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर एकदा या सगळे. १९९४ साली त्या दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, बाबासाहेबांचं नाव लागलं, त्यासाठी माणसं मेलीत, घरं जळालीत. राजकीय स्टेज सोडा, कडेला पुस्तकांचे स्टॉल असतात तिकडं बघा. जालना, बीड, परभणीकडच्या खेड्यातून आलेली बाई स्वतःसाठी एखादी साडी घेणार नाही पण पोरासाठी पुस्तकं घेऊन जाते. अन् फुटपाथवर चार जण ढोलकी-हार्मोनियम घेऊन वामनदादा कर्डकांची गाणी म्हणत बसलेले असतात, ते ऐका. याला निमंत्रण लागत नाही, पण आमच्याशिवाय कोणी येत नाही हे खरंय.

संचालक

चर्चा छान चाललीय. एकच विनंती, शहराच्या नावावरचा वाद या धाग्यात नको. ज्याला जे नाव तोंडात येतं त्यानं ते लिहावं. त्यावरून आलेले दोन प्रतिसाद काढलेत.

बेगमपुरा

अस्सलाम वालेकुम अन् नमस्कार सगळ्यांना. मी बाई आहे हे आधीच सांगते कारण पुढचं त्यामुळंच लिहायलेय.

मी लहान असताना अब्बा आमखास मैदानावर मुशायऱ्याला जायचे अन् पहाटे घरी येऊन अम्मीला शेर ऐकवायचे. आम्ही ते गोधडीत पडून ऐकायचो. म्हणजे आमच्या घरातल्या बायकांपर्यंत मुशायरा अब्बांच्या तोंडूनच आला. अजूनही मोठ्या मुशायऱ्यात बायकांची जागा एका कोपऱ्यात असते, कधी कधी तीही नसते. खडकीकर भाऊ म्हणतात ज्याच्या जागेवर, त्याच्या पद्धतीनं, ते मला पटतंय, पण पद्धत म्हणून बायका बाहेर राहणार असतील तर तेवढी पद्धत बदलावी लागेल. हे मी फक्त मुशायऱ्याचं नाही म्हणत, सगळ्यांचंच म्हणायलेय.

माझं सुचवणं असंय की नवीन माणसांनी एकदम मुशायऱ्याला येऊ नये, आधी नशिस्तला यावं. नशिस्त म्हणजे कोणाच्या घरी नाहीतर वाचनालयात पंधरा-वीस माणसांची बैठक. दिवसाही होते. नवा शायर आधी वाचतो, सगळ्यात बुजुर्ग शेवटी. शेराची पहिली ओळ दोनदा म्हणतात, ती ऐकणाऱ्यानं मनात धरून ठेवायची, दुसरी ओळ पडली की ती उलगडते अन् तिथंच आपोआप तोंडातून वाह निघतं. कधी कधी सगळ्यांना आधीच एक मिसरा, म्हणजे एक ओळ, दिलेला असतो, त्याच जमिनीत, म्हणजे त्याच वृत्त-यमकात, प्रत्येकानं गझल लिहून आणायची, त्याला तरही म्हणतात. एवढं माहीत असलं तरी मराठी माणसाला अर्धं काम सोपं होतं. राहिलेलं अर्धं आमचं, आम्ही त्या दिवशीच्या गझला देवनागरीत लिहून कागद वाटू. आमची स्वतःची पोरं इंग्लिश मीडियमची, त्यांनाही उर्दू लिपी येत नाही, म्हणजे कागद त्यांनाही लागणारच.

सिकंदर अली वज्द हे नाव इथं कितींनी ऐकलंय? वैजापूरचे. जज होते, नंतर राज्यसभेत गेले. अजिंठ्यावर अन् वेरूळवर त्यांनी ज्या नज्म, म्हणजे कविता, लिहिल्यात त्या उर्दू दुनियेत लोकांना पाठ आहेत. आपण पाहुण्यांना लेणी दाखवायला नेतो तेव्हा ती नज्म तिथं उभं राहून वाचावी, माझी फार इच्छा आहे.

पैठणची_लेक

बेगमपुरा ताई, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलेय. माहेर पैठण, आता सिडकोत.

खडकीकरांनी नाथमहाराजांचं नाव घेतलं नाही म्हणून मी घेते. नाथांचं 'हिंदू-तुर्क संवाद' भारूड कितीजणांनी पूर्ण ऐकलंय? सोळाव्या शतकात पैठणात बसून एका ब्राह्मणानं दोघांना समोरासमोर उभं केलं. तुर्क हिंदूला देवांवरून, सोवळ्यावरून टोचतो, हिंदू तुर्काला त्याच्या चालीरीतींवरून टोचतो, दोघंही काही शिल्लक ठेवत नाहीत, अन् शेवटी दोघांनाही कळतं की देव एकच, मग गळाभेट. गोड बोलून मिटवलेलं नाहीये ते, आधी मनातलं सगळं बोलून घेतात. आज ते जसंच्या तसं उभं करायची हिंमत किती मंडळांत आहे मला सांगा. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी होते, म्हणजे सुलतानाच्या चाकरीत राहून भक्ती केलेला माणूस. त्या घरात शिकलेल्या नाथांना दोन्हीकडची भाषा येत होती, दोन्हीकडची खोड माहीत होती.

अन् भारूड म्हणलं की लोकांना 'विंचू चावला' एवढंच माहीत. नाथांनी जोशी, गारुडी, वासुदेव, फकीर, आंधळा, मुका, महार अशा सगळ्यांच्या तोंडी भारुडं घातलीत. गावाच्या वेशीवर जे जे कोणी उभं होतं त्या सगळ्यांना बोलायला लावलं. सोंगी भारूड करणारा माणूस बाईचं लुगडं नेसून येतो, अर्धा तास नुसतं हसवतो अन् मग हळूच परमार्थावर आणतो, निरंजन भाकरेंचा 'बुरगुंडा' ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. २०२१ ला ते गेले, पण त्यांना टीव्हीवर पाच मिनिटं बघणं वेगळं होतं अन् उघड्यावर रात्री बघणं वेगळं.

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला या. तीन दिवस असतं, षष्ठी, सप्तमी अन् अष्टमीला काला. दिंड्या येतात, गोदेच्या काठाला फड लागतात. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दिंडीतल्या माणसांना पाणी पाजायला शेजारचे मुसलमान काका सगळ्यात पुढं असायचे. तसं अजूनही आहे, फक्त शहरातल्या लोकांना ते दिसत नाही.

थेट_बोलतो

सगळं ऐकायला चांगलं वाटतं. पण मी दुकानदार माणूस आहे, शहरात ताण झाला की शटर आधी आमचं पडतं. एखाद्यानं माईकवर चुकीचं वाक्य बोललं, त्याचा अर्धा व्हिडिओ फिरला, तर जबाबदार कोण? ज्या घरात नशिस्त झाली ते? का भारूड करणारा गरीब माणूस? 'हिंदू-तुर्क'मधली टोचणी तर कापून दाखवायला एकदम सोयीची. तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण हे मला आधी सांगा.

तिसरी_घंटा

थेट_बोलतो, प्रश्न बरोबर आहे, बाजूला सारू नये. नाटकात आयुष्य गेलं म्हणून जे अनुभवातून माहीत आहे ते सांगतो.

एक तर आयोजक म्हणून नावं लेखी असावीत, दोन्हीकडची, अन् पोलीस ठाण्याला अर्ज त्याच नावांनी जावा. घरातल्या बैठकीला लाऊडस्पीकर नसेल तर फार काही लागत नाही, पण मैदानावर करायचं तर जागा ज्याची त्याची परवानगी अन् स्पीकरची परवानगी घ्यावीच लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद, राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. वर्षातले ठराविक, जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, पण ते दिवस सणांनाच जातात. म्हणून आपले कार्यक्रम संध्याकाळी साडेपाच-सहाला सुरू करावेत, म्हणजे बायकांच्या येण्याजाण्याचाही प्रश्न थोडा सुटतो.

जलशातला वग नाटक म्हणून करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र घ्या, वेळ लागतो, आधीच करा. तिकीट ५०० रुपयांच्या आत ठेवलं तर जीएसटी नाही. पण मी तर म्हणतो तिकीटच नको, दाराशी पेटी ठेवा. अन् कलाकाराला मानधन द्या. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. भारूडवाला, कव्वाल, शाहीर यांना आपण शाल-नारळावर बोळवतो अन् मंडपवाल्याला रोख देतो.

व्हिडिओचं म्हणाल तर आपणच पूर्ण रेकॉर्डिंग करावं अन् त्याच रात्री पूर्ण टाकावं. अर्ध्याला उत्तर पूर्णच असतं. अन् सत्कार, दीपप्रज्वलन, नेत्याचं भाषण यातलं काहीही नको. माझ्या बघण्यात जेव्हा जेव्हा बिघडलं ते भाषणात बिघडलं, कलेत नाही.

अजून एक दुखणं. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात छ. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव चारही जिल्ह्यांची पोरं उतरतात, काय ताकदीची असतात हो. मग पदवी झाली की पुण्या-मुंबईला. 'जिगीषा' ही नाट्यसंस्था इथंच सुरू झाली, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी इथलेच, त्यांनी मुंबईत जाऊन मराठी रंगभूमी गाजवली याचा अभिमानच आहे. पण जी पोरं गेली नाहीत, ज्यांना जमलं नाही, ती कुठल्या तरी शोरूममध्ये कामाला आहेत. कार्यक्रमाआधी समजावून सांगायचं काम त्यांना द्या. बोलता येतं, आवाज आहे, अन् घरातच चार भाषा ऐकत वाढलेली आहेत.

वाळूजकर

मी मूळचा गोरखपूरकडचा, पण शाळा रांजणगावला मराठीतच झाली, त्यामुळं चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडं होळीच्या महिन्यात फगुआ गातात, ढोलक अन् झाल घेऊन. झाल म्हणजे तुमचा मोठा टाळ समजा. बजाजनगरला एका खोलीत बारा जण बसून गायचो, घरमालक वारकरी, पहिल्या वर्षी तक्रार करायला आले अन् दुसऱ्या वर्षी स्वतःचे टाळ घेऊन आले. त्यांना शब्द कळत नव्हते पण ठेका बरोबर धरला.

सांगायचं हे की कंपनीतल्या लोकांना तुम्ही कधी विचारतच नाही. शहरातले सगळे कार्यक्रम तापडियाला, नाहीतर संत एकनाथला, नाहीतर एमजीएमला. शिफ्ट सुटल्यावर वाळूजहून तिकडं पोचेपर्यंत अर्धा संपलेला असतो अन् परत यायला रिक्षावाला सांगेल ते पैसे. एखादा कार्यक्रम आमच्याकडं ठेवा, रविवारी. जागा आम्ही बघतो, सतरंज्या आहेत. बिहार, यूपी, नांदेड, हिंगोली, विदर्भ, सगळीकडची माणसं एका गल्लीत राहतात, तुम्हाला प्रेक्षक शोधायला जायलाच नको.

एन_पाच_सिडको

मी कॅलेंडर करून देते. फक्त हे समजून घ्या की एकदा करून भिंतीला टांगायचं काम नाही ते. १४ एप्रिल, १४ जानेवारी, १५ फेब्रुवारीची बंजारा समाजाची सेवालाल जयंती ह्या तारखा पक्क्या. नाथषष्ठी, छठ, चेटीचंड पंचांगावर. खुलताबादचा जर जरी जर बक्ष उरूस हिजरी महिन्यावर, म्हणजे दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडं सरकतो, कधी पावसाळ्यात येतो कधी थंडीत. रमजानमध्ये संध्याकाळी बेगमपुऱ्यात काही ठेवता येणार नाही, श्रावणात सप्ताहांची गर्दी, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. हे सगळं एकाच पानावर दिसलं तर निदान एकाच दिवशी दोन ठिकाणी होणार नाही. मला प्रत्येक वस्तीतून एक माणूस पाहिजे जो तारीख बदलली की लगेच कळवेल. मराठी अन् उर्दू दोन्हीत पान करू, उर्दूचं कोणीतरी तपासून द्या.

महागामी या नृत्य गुरुकुलात जानेवारीत शारंगदेवाच्या नावानं समारोह होतो, तोही टाकतेय. कथक-ओडिसी बघायला जुन्या शहरातून कोणी येत नाही असं वाटत असेल तर आधी त्यांना सांगा तरी.

बंजारा_कॉलनी

तीज टाका. श्रावणात पोरी टोपलीत गहू पेरून नऊ दिवस गातात. आया-आज्यांची गाणी आहेत, गोरमाटी बोलीत, लिहून ठेवलेली नाहीत. अर्थ सांगायला माझी बहीण येईल.

थेट_बोलतो

तिसरी_घंटाचं उत्तर पटलं. भाषण नाही, पूर्ण रेकॉर्डिंग अन् दोन्हीकडची नावं अर्जावर, एवढं असेल तर माझंही नाव घाला. चहा-पाण्याचं माझ्या दुकानाकडं.

खडकीकर

मी सकाळी धागा काढला तेव्हा दोन-तीन जण बोलतील असं वाटलं होतं. जे ठरलंय ते लिहून ठेवतो म्हणजे विसरणार नाही.

पहिली बैठक बेगमपुऱ्यात नशिस्त, रविवारी दुपारी, स्पीकर नाही, कागद देवनागरीत, बायकांना पुढची जागा. त्यानंतर नागसेनवनात पूर्ण जलसा, गणापासून वगापर्यंत, अन् तो १४ एप्रिलच्या आसपास अजिबात नाही, मुद्दाम वेगळ्या महिन्यात. होळीच्या सुमारास वाळूजला फगुआ अन् तिथल्या वारकऱ्यांचं भजन एकाच सतरंजीवर. नाथषष्ठीला पैठण, त्याला गाड्या किती लागतील ते पैठणच्या ताई सांगतील. श्रावणात तीज.

'हिंदू-तुर्क संवाद'बद्दल माझं मत असं की तो करायचाच, अन् न कापता करायचा, पण पहिल्या वर्षी नाही. आधी एकमेकांच्या बैठकीत चार वेळा बसलेली माणसं समोर पाहिजेत, मग ती टोचणी कोणाला लागणार नाही. अन् माझी इच्छा आहे की त्यातला तुर्क बेगमपुऱ्याच्या पोरानं करावा अन् हिंदू पैठणच्या.

पैठणची_लेक

किंवा उलटं करा. बेगमपुऱ्याचा पोरगा हिंदू अन् आमचा तुर्क. नाथांना चाललं असतं.

बेगमपुरा

उलटं जास्त मजा येईल, माझा भाचा तयार आहे, त्याला आत्ताच विचारलं.

गुलमंडी_राजाबाजार

नशिस्तला लहान पोरं आणली तर चालतील का? माझी मुलगी सातवीत आहे, कविता करते.

बेगमपुरा

आणा की. मराठीत लिहिते ना, तिची कविता सुरुवातीलाच घेऊ, नवीन माणूस आधी वाचतो हा नियमच आहे. उर्दूत अर्थ मी सांगते. गाडी पाणचक्कीजवळ लावून चालत या, आमच्या गल्लीत चारचाकी वळत नाही.